दिवे लावले की थांबणारा खडखडाट

चाळीस वर्षं मी मोठमोठ्या माणसांना तोंडानं गाडीचे आवाज काढताना पाहिलं. गॅरेजमध्ये आलेलं गिऱ्हाईक आधी नक्कल करतं, मग बोलतं. एक साहेब होते, शिपायाशीसुद्धा शब्द मोजून बोलणारे. ते माझ्यासमोर गाल फुगवून “भुर्रर्र टक, भुर्रर्र टक” करत उभे राहिले, आणि मागं त्यांचा ड्रायव्हर तोंडाला रुमाल लावून हलत होता. एका तबलजींनी सांगितलं की आवाज दर सातव्या मात्रेला येतो. मी मात्रा मोजल्या नाहीत, चाक मोजलं. टायरमध्ये खिळा निघाला. एका वकिलांच्या गाडीत वर्षभर काहीतरी खुळखुळत होतं. दोन मिस्तऱ्यांनी त्यापायी इंजिन खोललं होतं. मी दाराचा पत्रा काढला तर आत त्यांच्या आईचा अडकित्ता. म्हातारीनं त्या अडकित्त्यासाठी मोलकरीण कामावरून काढली होती, हे मला मागाहून कळलं.

सांगायचं काय, की गाडी खोटं बोलत नाही, पण ती आपल्या भाषेत बोलते. वरून बारीक टिकटिक आली तर झडपांचं काम. थंड असताना ठकठक आणि तापल्यावर गप्प, तर पिस्टन सैल झालेलं. खालून, पोटातून, घणाचा घाव पडावा तसा जड ठोका आला तर बेअरिंग गेलं, म्हणजे इंजिन पूर्ण खोला आणि मालकाला पाणी द्या. माझे उस्ताद गफूरमियाँ लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तासतासभर डोळे मिटून बसायचे. लोकांना वाटायचं झोपले. त्यांचं सांगणं एवढंच होतं, “पैले सुनो, बाद में खोलो. उल्टा करे तो गाडी तुमकू हँसती.”

मी उलटं केलं, आणि गाडी हसली. गाडीपेक्षा तिची मालकीण जास्त हसली. त्याची ही गोष्ट.

माझं पत्र्याचं गॅरेज क्रांती चौकाच्या जरा पुढं होतं. त्या दिवसांत वाळूजला माळावर रोज नव्या कारखान्याचे खांब उभे राहत होते. शिफ्टच्या बसा भरभरून जायच्या. काल ज्यानं शेळ्या वळल्या तो आज खिशाला बिल्ला लावून बसची वाट पाहायचा. मी स्वतः फुलंब्रीकडचा, धनगराच्या घरातला, मेंढरं सोडून पाने-पेचकस धरलेला, त्यामुळं मला त्याचं नवल नव्हतं. दुसरीकडं शहर आतून धुमसत होतं. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्धवाडे जळाले, त्याला काही वर्षं झाली होती. नाव मात्र बदललं नव्हतं. नामांतरासाठी माणसं सत्याग्रह करत आणि हर्सूलच्या जेलात जाऊन बसत.

एका मंगळवारी गॅरेजसमोर जुनी डिझेल पिकप येऊन थांबली. पितळी डब्यात खडे घालून हलवावेत तसा तिचा खडखडाट तीन दुकानं आधीपासून ऐकू येत होता. ड्रायव्हरच्या बाजूनं पस्तिशीची एक बाई उतरली. पदर कमरेला खोचलेला. त्या काळी मोपेडवरची बाई दिसली तरी आमच्याकडं माणसं वळून बघत. दुसऱ्या बाजूनं कारखान्याच्या कपड्यातला एक माणूस उतरला, घड्याळ बघून “वहिनी, बस जाईल” म्हणाला आणि पळाला.

“मिस्तरी कोण हाय?”

“मीच.”

“मग तोंड मिटा. बाई पाह्यली न्हाई का कधी?”

या कौसाबाई. राहायला उस्मानपुऱ्यात. वाळूजला बांधकामावरच्या मजुरांना आणि कारखान्यातल्या पोरांना भाकरी-भाजी पोचवायचा त्यांचा धंदा. गाडी नवरा चालवायचा, दामोदर त्याचं नाव. तो सत्याग्रहात आत गेला तेव्हा बाईंनी स्वयंपाकाचा झारा जावेकडं दिला आणि स्टेअरिंग धरलं. लायसन शिकाऊ होतं. शेजारी लायसनवाला माणूस लागतो म्हणून कामावर जायच्या आधी दीर बसायचा. मघाशी बसमागं पळाला तो हाच दीर.

“तिघांना दाखवली,” बाई म्हणाल्या. “पहिला म्हणला बेअरिंग गेलं. दुसरा म्हणला बेअरिंग गेलं. तिसऱ्यानं विचारलं, पहिले दोघं काय म्हणले? आन् मग म्हणला बेअरिंग गेलं.”

“मग माझ्याकडं कशाला?”

“चौथा तरी आपल्या कानानं ऐकल म्हणून. शुक्रवारी सकाळी गाडी पाहिजे. आमच्या सुजाताचे बाबा सुटायलेत हर्सूलमधून. त्यांच्यासंगं सात जण हायेत, खेड्यापाड्यातले. यष्टीनं एकएकटं धाडायचं म्हणजे गावात कोण कुठं गाठंल सांगता येत न्हाई. घरोघर सांगून आलेय मी, की मी आणते.” मग त्या पुढं म्हणाल्या, “आन् अजून एक. हेडलाइट लावली की आवाज थांबतो.”

मी हसलो. चांगला खोखो हसलो.

“बाई, दिव्याचा आणि इंजिनाचा काय संबंध?”

“धंदा तुमचा हाय. तुम्ही सांगा.”

“तुम्हाला भास होत असंल. नवीन हात आहे, गेर चुकत असंल.”

“पहाटं अंधारात निघते मी. लाइट लावते, आवाज बंद. वाळूजच्या नाक्यावर उजाडतं, लाइट बंद करते, आवाज चालू. महिना झाला ऐकतेय. पण असू द्या, भासच असंल.”

आता जे सांगतो ते सांगायला बरं वाटत नाही. पिकपच्या मागच्या फळीवर निळ्या अक्षरात ‘नामांतर झालंच पाहिजे’ असं रंगवलेलं होतं. शेजारचे पार्टवाले शेठ लगेच आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “खंडू, ही गाडी इथं उभी ठेवू नको. कोणी दगड मारला तर काच माझी फुटंल.” शेठ मला उधारीवर सामान देणारा माणूस. मी नामांतराच्या बाजूचा नव्हतो, विरोधातलाही नव्हतो. मी भित्रा होतो. बाईंजवळ गेलो आणि म्हणालो, “ताई, तेवढी फळी झाकली तर चालंल का? तीन दिवसांपुरती.”

मी कोपऱ्यातलं एक गोणपाट उचललं आणि फळीवर बांधलं. त्यावर मोठ्या अक्षरात ‘साखर’ छापलेलं होतं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आता दगडं येणार न्हाईत. मुंग्या येतील.”

आणि त्या चालत निघून गेल्या.

मी कामाला लागलो. बेअरिंगचा ठोका ओळखायची एक सोपी रीत असते. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका सिलिंडरचं डिझेल बंद करायचं, नळीचं नट सैल करून. ज्याचं डिझेल तोडल्यावर ठोका कमी होतो तो आजारी. मी चारही तोडून पाहिले. आवाज होता तसाच. म्हणजे गाडी स्पष्ट सांगत होती की बाबा, दुखणं पोटात नाही. उस्ताद असते तर पुन्हा पेचकस कानाला लावून बसले असते. पण तीन मिस्तऱ्यांनी बेअरिंग म्हटलं होतं, आवाज जड होता, आणि खरं सांगायचं तर एका बाईनं दिव्याचं काहीतरी सांगितलं आणि मी ते तपासत बसलो, हे आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांना दिसायला नको होतं. बुधवारी सकाळी मी गाडीखाली शिरलो, ऑइल काढलं आणि खालचं चेंबर उतरवलं.

दुपारी बाई आल्या. त्या दिवसाच्या भाकरी त्यांनी भाड्याच्या टेम्पोतून पोचवल्या होत्या. बाकड्यावर बसून त्यांनी माझे पाय बघितले, कारण बाकी मी गाडीखाली होतो.

“सापडलं का?”

मी एकेक बेअरिंग उतरवून पुसत होतो. सगळी आरशासारखी. एकावर ओरखडा नाही. “बघतोय,” मी खालून म्हणालो.

“काय दिसतंय?”

“बेअरिंगं चांगली आहेत.”

“अरेरे,” त्या म्हणाल्या. “लई वाईट झालं.”

सगळं परत बसवायला गुरुवारची दुपार उजाडली. नवं ऑइल भरलं, स्टार्टर मारला, आणि खड खड खड. मंगळवारी होतं तसंच. शेजारच्या गॅरेजातून कोणीतरी शीळ घातली. बाई आल्याच होत्या.

“पोट फाडून झालं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आता डोकं बघा.”

“गाडीचं?”

“ज्याचं त्यानं ठरवावं.”

मग मात्र त्यांच्या आवाजातली गंमत गेली. “मिस्तरी, उद्या सकाळी आठला दरवाजा उघडतेत. ही गाडी वाटंत बसली तर आठ माणसं रस्त्यावर उभी राहतील. होत नसंल तर आत्ता सांगा, दुसरी बघते. मला ऐनवेळी सांगू नका.”

मी गाडीत चढलो, इंजिन चालू ठेवलं आणि हेडलाइट लावली.

खडखडाट थांबला.

बंद केली. चालू झाला. परत लावली. थांबला. कान तापलेले मला कळत होते. दिवा लावला की डायनामोवर भार येतो. डायनामो पट्ट्यानं फिरतो, त्यामुळं पट्टा ताणला जातो. तो पट्टा फिरवते इंजिनाच्या तोंडावरची मोठी पुली. पुली सैल असली तर ती मोकळी असताना आपटत राहणार, आणि पट्ट्यानं एका बाजूला ओढून धरली की गप्प बसणार. एवढं साधं. महिनाभर ही बाई प्रत्येक मिस्तरीला आजार आणि त्याची खूण दोन्ही सांगत होती, आणि प्रत्येक मिस्तरी तिला हसत होता.

उतरलो, इंजिन बंद करून पट्टा काढला आणि पुलीला हात घातला. ती बोटांनी हलली. बोल्ट सैल होऊन आतली चावी झिजली होती. दांड्यावर पुली घट्ट बसावी म्हणून मधल्या खाचेत बोटाच्या पेराएवढा लोखंडी तुकडा घालतात, त्याला आम्ही चावी म्हणतो. तेवढ्या तुकड्यापायी मी अख्खं इंजिन उघडलं होतं. लेथवाल्याकडं जाऊन नवी चावी करून घेतली, खाच कानसीनं सारखी केली, नवा बोल्ट घालून लांब पाइप लावून आवळला. दिवस मावळायच्या आत इंजिन पुन्हा चालू केलं. साधा डिझेलचा आवाज, शिलाईच्या मशिनीसारखा.

कौसाबाई गाडीत चढल्या. हेडलाइट लावली, बंद केली. लावली, बंद केली. दर वेळी माझ्याकडं बघायच्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पैसे?” शेवटी त्यांनी विचारलं.

“चावीचे द्या. बाकीचं माझ्या डोक्याच्या खात्यावर.”

शुक्रवारी सकाळी साडेसहाला त्या गाडी न्यायला आल्या आणि अडचण समोर आली. दिराची पहिली पाळी होती. नोकरी नवी, रजा मिळत नव्हती. शेजारी लायसनवाला माणूस पाहिजे आणि जेलच्या दारात पोलीस असणार. बाईंनी विचारलं नाही. किल्ली हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

“चला,” मी म्हणालो. “तसंही लांब चालवून बघायचीच होती.”

“ते साखरेचं पोतं तुमचं तुम्ही काढा. मी बांधलं न्हाई.”

मी काढलं. त्या चालवायला बसल्या, मी शेजारी. दिल्ली गेटातून हर्सूलच्या रस्त्याला लागेपर्यंत मी दोनदा डोळे मिटले.

“आवाज ऐकायलेत का?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो. खरं म्हणजे मी देवाचं नाव घेत होतो.

जेलच्या भिंतीला लागून आम्ही तासभर थांबलो. मग छोटा दरवाजा उघडला आणि माणसं एकेक करून बाहेर आली, हातात पिशव्या, दाढ्या वाढलेल्या. दामोदर उंच, किडकिडीत. तो बाहेर आला, आमच्या गाडीवरून त्याची नजर गेली आणि तो सरळ रस्त्याकडं बघत उभा राहिला. बाई उतरून त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

“कोणाची वाट पाहायले?”

तो दचकून वळला. “तू कधी आलीस? गाडी कुठाय?”

“ती काय.”

“आवाज आला न्हाई,” तो म्हणाला. त्याची बरॅक रस्त्याकडच्या बाजूला होती. बाई दर आठवड्याला भेटीला यायच्या तेव्हा खडखडाट भिंतीपलीकडून यायचा आणि बरॅकीतले लोक म्हणायचे, दामू, ऊठ, तुझी सासुरवाडी आली. आज सकाळपासून कान लावून बसला होता, आवाज आला नाही, म्हणून त्याला वाटलं गाडी वाटेत बसली. हे सांगताना तो हसत होता, पण डोळे पुसत होता. बाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं.

“या मिस्तरींनी घालवला. आधी पोट फाडलं, मग डोकं चालवलं.”

सातजण मागं चढले. बाई मला म्हणाल्या, “आता तुम्ही चालवा. मला दीड महिन्याचं बोलायचंय, आन् बोलता बोलता मला गेर टाकता येत न्हाई.” मधे दामोदर, खिडकीशी त्या. मागच्यांनी घोषणा सुरू केल्या. मी गाडी शहरात घातली.

मिल कॉर्नरला आलो. तिथून उस्मानपुऱ्याला दोन रस्ते. एक स्टेशनकडून, एक क्रांती चौकातून, माझ्या गॅरेजवरून. बाई नवऱ्याशी बोलत होत्या, बोलणं थांबवून मला म्हणाल्या, “स्टेशनकडून घ्या मिस्तरी. तुमचं दुकान हाय चौकाच्या अंगाला.”

यात टोमणा नव्हता. तीन दिवस ही बाई मला टोचत होती ते मी हसून घेतलं होतं. हे मात्र तिनं माझी काळजी म्हणून सांगितलं, आणि तेच मला सोसलं नाही. मी गाडी क्रांती चौकाकडं वळवली.

शेठ दुकानासमोर चहाचा ग्लास घेऊन उभे होते. मागं घोषणा चाललेल्या, फळीवरची निळी अक्षरं उघडी, आणि स्टेअरिंगवर मी. रोजच्या सवयीनं मी हात वर केला. रोजच्या सवयीनं त्यांनीही केला, आणि अर्ध्यात त्यांना उमगलं. तो हात ना वर गेला ना खाली आला. दगड आला नाही, काच फुटली नाही. गॅरेज मागं पडलं. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ते पाच-सहा दुकानांच्या लांबीचं निघालं.

फुकटात निभावलं असंही नाही. शेठ महिनाभर बोलले नाहीत आणि उधारी बंद केली. जुनी काही गिऱ्हाइकं तुटली. उस्मानपुऱ्यातले टेम्पो माझ्याकडं येऊ लागले. पुढं बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न सुटला, तेव्हा कौसाबाईंच्या तीन गाड्या झाल्या होत्या आणि त्या स्वतः पक्क्या लायसनवर पोरांना शिकवत होत्या. नवीन ड्रायव्हरला माझ्याकडं पाठवताना सांगायच्या, “मिस्तरी चांगला हाय. नुसतं आधी दिवे लावून दाखव.”

पण मला अजून एक सांगायचं आहे, ते त्याच वर्षीचं.

दोन-तीन आठवड्यांनी मी गावी गेलो. थोरला भाऊ मेंढरांना पाणी दाखवत होता. बातमी माझ्याआधी पोचली होती.

“खंडू, त्या लोकांची गाडी तू चालवली म्हणं.”

“व्हय,” मी म्हणालो. “क्लच लई जड हाय तिचा.”

भाऊ मेंढरांकडं वळला. जेवण झालं आणि मी तसाच उठून गावाच्या खालच्या अंगाला गेलो. तिथं सखाराम राहायचा. चौथीपर्यंत आम्ही एका पाटीवर लिहिलं. ठरावानंतर आमच्या गावात पेटलं तेव्हा मी सुट्टीला घरी होतो. त्याचं घर जळत होतं, ते आमच्या अंगणातून दिसत होतं. मी घरात गेलो आणि दाराला कडी लावली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं शहरात आलो. नंतर कितीदा गावी गेलो, त्या बाजूला एकदाही फिरकलो नाही.

सखाराम विहिरीवर होता. तिघांनी मिळून घेतलेलं पाण्याचं इंजिन धूर ओकत होतं. मला बघून तो उठला नाही, जा असंही म्हणाला नाही. मी पिशवीतून पाना काढला. या खेपेला आधी बराच वेळ ऐकलं, मग खोललं. डिझेल फवारणारं नोझल तुंबलं होतं. साफ करून बसवेस्तोवर ऊन उतरलं. पाणी पाटात पडायला लागलं. त्याच्या बायकोनं चहा आणला, तो आम्ही बांधावर बसून प्यालो. जळाल्याचं बोलणं मी काढलं नाही, त्यानंही काढलं नाही.

मी निघालो तेव्हा तो म्हणाला, “लई वेळ लावला, खंडू.”

“नोझल गच्च अडकलं होतं,” मी म्हणालो. “निघता निघत नव्हतं.”

“मी इंजिनाचं नाय म्हणत,” सखाराम म्हणाला.